अंधारात विझणारी चकती

१

आप्पांच्या खोलीत पाऊल टाकलं आणि ठिणगीबाईंच्या डोक्यात तिडीक गेली. खोली मस्त उबदार होती. ज्याला ऊब हवी होती तो म्हातारा बाप काल पहाटे याच खोलीतून लाकडासारखा गार होऊन स्ट्रेचरवरून बाहेर गेला होता, दवाखान्यात नळ्यांमध्ये गुरफटून पडला होता, आणि इथे कालपासून कोणी न विझवलेल्या दिव्याखाली रिकाम्या पलंगाला घाम फुटायची वेळ आली होती.

ठिणगीबाई हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. विमा कंपनीत त्यांनी उभा जन्म आगीची कारणं शोधण्यात घालवला. जळक्या गोदामात शिरायचं, राख उपसायची आणि आग लागली की लावली ते सांगायचं. नाव ऑफिसने दिलं होतं, निम्मं कामावरून आणि निम्मं स्वभावावरून. आता त्या निवृत्त झाल्या होत्या, पण स्वभाव अजून नोकरीवर होता.

"बघ ताई, चालू आहे की नाही?" धाकटा भाऊ दारातूनच म्हणाला. "यंत्राला धाड भरलेली नाही. त्या नर्सबाईनेच बंद केलं."

भिंतीवर हाताच्या पंजाएवढी काचेची गोल चकती होती. खोली किती तापवायची ते ठरवणारा थर्मोस्टॅट, फोनवरून चालणारा, हुशार वगैरे. घरात सगळे तिला चकतीच म्हणत. चकतीने हुकूम सोडला की बाजूच्या कपाटातली गॅसची भट्टी पेटायची आणि छताजवळच्या जाळीतून गरम हवा यायची. ही खोली घराच्या मागे नंतर वाढवलेली, तिची भट्टी वेगळी. त्यामुळे इथे कोणी गारठून मेलं तरी पुढच्या घरात पत्ता लागायचा नाही.

"संध्याकाळी तिच्या संस्थेचा माणूस येतोय," धाकटा म्हणाला. "त्याच्यासमोर तक्रारीवर सही करतो आणि तसाच पोलिसांत जातो. पुन्हा कुठल्या पेशंटजवळ उभी राहू देणार नाही तिला."

"तिनेच बंद केलं कशावरून?"

"मग कोणी? रात्रभर तीच होती आप्पांजवळ. आणि त्या चकतीशी नुसते चाळे! काढते काय, फुंकते काय, परत लावते काय. इकडे आप्पा काकडतायत."

ठिणगीबाईंनी चकतीवर बोट ठेवलं. आकडे छान उजळले, बावीस अंश. चकतीच्या वर नवंकोरं काळं घड्याळ टांगलेलं होतं, खाली आप्पांच्या पलंगाची उशाकडची बाजू, समोर नर्सबाईची खुर्ची. सगळं जागच्या जागी होतं. कामाच्या सवयीने त्या जागच्या जागी असलेल्या गोष्टींवर कधी विश्वास ठेवत नसत.

"सही संध्याकाळपर्यंत थांबेल ना? तोवर मी बघते," त्या म्हणाल्या.

"त्यात बघायचं काय आहे?"

"ते बघितल्यावर सांगते."

तो पाय आपटत गेला. ठिणगीबाई खोली आणि घर यांच्या मधल्या दाराशी आल्या. दाराला कडी होती, पण ती पलीकडून, घराच्या बाजूने. आणि अलीकडे, खोलीच्या बाजूने, दाराच्या तळाशी रंग उडाला होता, लाकूड पिचलं होतं. कोणीतरी हे दार आतून लाथांनी बडवलं होतं.

२

"हो, कडी मीच लावते," भावजय म्हणाली. ती स्वयंपाकघरात ओट्याशी उभी होती आणि धुतलेलीच पातेली पुन्हा घासत होती. "परकी बाई रात्रभर घरात. लावू नको तर काय करू? रोज लावते, लपवून ठेवण्यासारखं काही नाही त्यात."

"आणि आतून कोणी हाक मारली तर?"

"तिच्याकडे फोन आहे ना, वन्सं! आणि मी वरच्या मजल्यावर, झोपेची गोळी घेतलेली. घर पडलं तरी मला कळत नाही. तुमच्या भावाची झोप सावध. आवाज झाला असता तर त्यांना कळलाच असता. ते म्हणतात, काही झालं नाही."

ठिणगीबाईंना दाराच्या तळाचं पिचलेलं लाकूड आठवलं. राग गिळायची त्यांना सवय नव्हती, पण चौकशीत तेवढं जमवावं लागतं.

"तुझं आणि नर्सबाईचं वाजलं होतं म्हणे."

पातेलं धाडकन ओट्यावर आलं. "वाजलं! रोज सकाळी तिचं एकच रडगाणं, रात्री भट्टी मरते, रात्री भट्टी मरते. मी स्वतः जाऊन बघितलं. दुपारी गेले, खोली गरम. संध्याकाळी दिवा लावून तासभर बसले, खोली गरम. हीटरवाल्याला बोलावलं, त्याने सगळं तपासलं, काही नाही. मग मी तिला म्हटलं, बाई गं, तुला काम करायचं नसेल तर तसं सांग, आमच्या भट्टीला कशाला नावं ठेवतेस? आता मला वाईट वाटतंय. पण तेव्हा काय समजायचं माणसाने?"

"हे रडगाणं कधीपासून?"

"या आठवड्यातलंच. आधी महिनाभर ब्र नव्हता." ती थांबली. "आणि रात्री दिवा लावत जाऊ नकोस हेही मीच बजावलं होतं. आप्पांना उजेडात झोप येत नाही. तेवढं तरी मी त्यांच्यासाठीच सांगितलं होतं. सगळ्यांना वाटतं, या घरात मी म्हणजे कैदाशीण. अहो, दुपारची मीच असते त्यांच्याजवळ. भरवते, पुसते, बसते. माझं जे काही मनातलं असतं ते त्यांच्याशीच बोलते, दुसरं कोण ऐकतंय इथे?"

"धाकटा नाही बसत?"

"ते लांबून काळजी करतात," भावजय कडवट हसली. "नाही म्हणायला आठवड्यापूर्वी एक घड्याळ आणलं, आप्पांना वेळ कळावी म्हणून. जावयाला बोलावून लगेच लावूनही घेतलं. चकतीही त्यानेच बसवली होती ना, त्याच्या हाताला गुण आहे म्हणतात." तिने आवाज खाली आणला. "काल सकाळपासून मात्र तो माझ्या नजरेला नजर देत नाही, वन्सं. सासूपासून लपवण्यासारखं त्याने काय केलंय ते तुम्हीच विचारा."

३

जावईबापू कामावर होते आणि फोन उचलत नव्हते. मग ठिणगीबाईंनी हीटरवाल्याला गाठलं. तो आपल्या दुकानात एका उघड्या पंख्यासमोर बसला होता. बिल मागायला नव्हे, कारण विचारायला कोणी आलंय हे कळल्यावर त्याने हातातलं काम खाली ठेवलं.

"दोनदा येऊन गेलो मी. एकदा त्या रात्रीच्या आधी, एकदा काल सकाळी. दोन्ही वेळा भट्टीला वीज बरोबर, गॅस बरोबर."

"काल सकाळी आलात तेव्हा भट्टी चालू होती?"

"नाही, बंद पडली होती. लाल दिवा मिचकावत होती. मी मेन बटण बंद करून पुन्हा चालू केलं, लगेच पेटली."

"लाल दिवा कशाचा?"

"कुलपाचा. म्हणजे असं बघा, भट्टी पेटायला जाते आणि पेटत नाही. परत जाते, परत नाही. असं पुन्हा पुन्हा झालं की ती स्वतःलाच कुलूप लावून घेते, उगाच गॅस साचू नये म्हणून. मग कोणी येऊन बटण बंद-चालू करेपर्यंत ती हलत नाही."

ठिणगीबाई पुढे सरकल्या. "आणि चकतीवरून कोणी मुद्दाम बंद केली तर? तरी कुलूप लागतं?"

"छे! तशी बंद केली तर गप बसते. पेटायला सांगितलंच नाही, तर हरणार कशी?"

ठिणगीबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे त्या रात्री कोणीही काहीही बंद केलेलं नव्हतं. चकती रात्रभर ऊब मागत होती, भट्टी पुन्हा पुन्हा उठायला बघत होती आणि प्रत्येक वेळी कोसळत होती. एका वाक्यात नर्सबाई मोकळी झाली होती, आणि ते वाक्य काल सकाळपासून या दुकानात पडून होतं.

"हे तुम्ही माझ्या भावाला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं की! तिथेच, कपाटाशी उभा राहून," हीटरवाला म्हणाला. "ते म्हणाले, आम्हाला एवढ्या खोलात शिरायचं नाही."

४

नर्सबाई एका चिंचोळ्या जिन्याच्या टोकाला भाड्याच्या खोलीत राहायची. तिने दार उघडलं, समोर कोण आहे ते ऐकलं आणि दार लावायला घेतलं. ठिणगीबाईंनी फटीत बूट घातला.

"मला शिव्या द्यायच्या असतील तर आत येऊन ऐकते," त्या म्हणाल्या.

"आमच्याकडे शिव्या द्यायची पद्धत नाही, तुमच्याकडे असेल," नर्सबाई म्हणाली. तरी दार सोडलं. बाई पन्नाशीची, हाडापेराने मजबूत, आणि रागाने नुसती धुमसत होती. "काय विचारायचंय? मी म्हाताऱ्याला का मारायला निघाले ते?"

"भट्टी मरते कधी, ते विचारायचंय."

नर्सबाईने डोळे बारीक केले. आठवडाभरात तिला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. ती पलंगाच्या कडेवर बसली.

"रात्री. फक्त रात्री. मी दिवा घालवला की थोड्या वेळाने चकतीचे आकडे थरथरतात, मग चकती काळी पडते. गार वारं यायला लागतं. मी उठून दिवा लावला की हिला जीव येतो! आपोआप. मी वहिनींना सांगायला जायचे, तर त्या म्हणायच्या, आम्ही बघतो तेव्हा बरी चालते. बरी चालणारच, बघायला येताना दिवा लावून बघतात ना."

"मग त्या रात्री दिवा लावूनच का नाही ठेवलात?"

"लावला होता हो! पण त्या रात्री थंडी काय होती, आणि भट्टी तोवर पूर्ण गेली होती. दिव्याने चकती उजळली, हवा येईना. मी चकती भिंतीवरून काढली, मागे धूळबीळ असेल म्हणून फुंकर मारली, परत बसवली. काही नाही. मग भावाला तुमच्या फोन लावला. वाजला, वाजला, आणि मग बंदच झाला. दार बडवलं, हाताने, पायाने. माझा कोट त्यांच्या अंगावर घातला, पाणी तापवून बाटल्या पायाशी ठेवल्या, हात चोळत बसले. शेवटी रुग्णवाहिका मीच बोलावली. तुमची माणसं जागी झाली ती तिच्या भोंग्याने."

ठिणगीबाई एकदम ताठ झाल्या. "चकती काढून फुंकलीत, हे तुम्ही कोणाकोणाला सांगितलं?"

"कोणाला सांगणार? त्यानंतर त्या घरातलं कोणी माझ्याशी बोललंय का? तुमचे भाऊ तर रुग्णवाहिकेपाशीच माझ्यावर ओरडायला लागले. माझं कोणी ऐकूनच घेतलं नाही. आज तुम्ही पहिल्या."

"खोलीत आणखी कोणी होतं?"

"मी आणि आप्पा. आप्पांना तर शुद्ध नव्हती."

काढते काय, फुंकते काय, परत लावते काय. धाकट्याचा सूर ठिणगीबाईंच्या कानात जसाच्या तसा होता. कडी लावलेल्या दारापलीकडून, वरच्या मजल्यावरून, अंथरुणात पडल्यापडल्या त्याने नर्सबाईची फुंकर पाहिली होती.

"कोट घाला," त्या म्हणाल्या. "तुम्हाला माझ्याबरोबर यायचंय."

५

संध्याकाळ व्हायला अजून अवकाश होता. आप्पांच्या खोलीच्या खिडकीतून स्वच्छ ऊन आत येत होतं. धाकटा, भावजय, कामावरून ओढून आणलेले जावईबापू, संस्थेचा माणूस आणि दाराजवळ हाताची घडी घालून उभी असलेली नर्सबाई, इतकी माणसं त्या खोलीत आप्पा धडधाकट असतानाही कधी जमली नव्हती. एकानेही पलंगावर बसायचं धाडस केलं नाही.

"तिला का आणलंस?" धाकट्याने दातओठ खात विचारलं.

"जिच्यावर आरोप आहे तिच्यासमोर बोलायची माझी सवय आहे. तू गप्प बस."

ठिणगीबाईंनी चकतीवरचा आकडा चांगला वर चढवला. कपाटात टिक झालं, भट्टी पेटली, जाळीतून गरम झोत आला. त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं. मग जाऊन खिडकीचे जाड पडदे ओढले, दार लावलं, दिवा घालवला.

"हा काय पोरखेळ?" अंधारातून धाकट्याचा आवाज आला.

"गप्प म्हटलं ना."

भिंतीवर चकती तेवढी दिसत होती, निळसर गोल. जावईबापूंचा श्वास जरा जोरात चालला होता. थोडा वेळ काहीच घडलं नाही, आणि संस्थेच्या माणसाने कंटाळून घसा खाकरला. तेवढ्यात आकडे थरथरले. एकदा, दोनदा. चकती काळी पडली. कपाटात टिक झालं आणि गरम झोत बंद झाला. मग पुन्हा चकती उजळली, पुन्हा टिक, पुन्हा काळोख.

"अगं बाई," भावजय पुटपुटली.

ठिणगीबाईंनी दिवा लावला. चकतीला जीव आला, भट्टी पेटली, खोलीत ऊब पसरली. नर्सबाईने आठवडाभर सांगून सांगून जे कोणाच्या गळी उतरलं नव्हतं ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर झालं होतं. ती भावजयीकडे बघत राहिली, आणि भावजयीने मान खाली घातली.

"भट्टीला अंधाराची भीती वाटत नाही," ठिणगीबाई म्हणाल्या. "तिला दिवसरात्र सारखीच. मग अंधार पडला की या खोलीत फरक कशाला पडतो? भट्टीच्या कपाटात एक छोटा ट्रान्सफॉर्मर आहे. तो चकतीला वीज पुरवतो आणि भट्टी पेटवणाऱ्या झडपेलाही. दोघींपुरतीच त्याची ताकद. त्यातून तिसऱ्याने घोट घेतला, तर दिवसा कसंबसं भागतं. पण त्या तिसऱ्याची तहान अंधार पडला की वाढत असली तर? मग चकती उपाशी, झडप उपाशी, भट्टी पेटते आणि विझते, पेटते आणि विझते, आणि शेवटी कुलूप लावून घेते. हीटरवाला दोन्ही वेळा दिवसा आला. त्याला काय कपाळ सापडणार होतं?"

त्यांनी चकती धरून भिंतीवरून सुटी केली. मागच्या पट्टीवर तारा आवळायचे स्क्रू होते. भट्टीकडून येणाऱ्या जुन्या तारा धुळीने मळलेल्या होत्या. पण वीज आणणाऱ्या दोन तारांच्या स्क्रूखाली आणखी दोन तारा दाबल्या होत्या, केसासारख्या बारीक, चकचकीत तांब्याच्या. त्या पट्टीच्या वरच्या भोकातून भिंतीत शिरत होत्या.

"जावईबापू," ठिणगीबाई फार गोड आवाजात म्हणाल्या, आणि त्यांचा गोड आवाज ज्यांनी ऐकलाय ते त्याला ओरडण्यापेक्षा जास्त भितात, "चकती तुम्ही बसवलीत. या दोन तारा कोणासाठी?"

जावईबापूंनी सासऱ्याकडे पाहिलं. सासऱ्याने खिडकीकडे पाहिलं.

"मी उत्तर देते. आप्पांना वेळ कळावी म्हणून घड्याळ आणलं म्हणे. जरा पलंगावर आडवे होऊन बघा कोणीतरी. आप्पांना मान वळवता येत नाही, आणि घड्याळ त्यांच्या उशामागे! म्हाताऱ्याला ते कधी दिसलंच नाही. ते बघतंय नर्सबाईच्या खुर्चीकडे." त्यांनी हात वर करून घड्याळ उचकटलं. मागे बारीक तारांची शेपटी लोंबत होती. काळ्या तबकडीवर बाराच्या आकड्याखाली मुगाएवढं भिंग होतं.

"कॅमेरा," संस्थेचा माणूस पहिल्यांदाच बोलला.

"अंधारात बघणारा कॅमेरा. उजेड गेला की हा स्वतःचा उजेड टाकतो, आपल्या डोळ्यांना न दिसणारा. त्या उजेडासाठी वीज लागते. ती याने माझ्या बापाच्या उबेतून घेतली."

६

"मला काय माहीत होतं?" जावईबापू रडकुंडीला आले. "मी म्हटलं होतं, आत्या, जवळ प्लग नाही म्हणून. पप्पा म्हणाले, वायर लोंबती दिसली तर तिला संशय येईल, चकतीच्या तारांतून घे वीज. घेतली. लावून बघितलं तर चकती नीट चालत होती."

"दिवसा."

"दिवसा," ते म्हणाले आणि डोकं धरून खुर्चीत बसले.

धाकट्याचा चेहरा पांढरा पडला होता. घड्याळामुळे भट्टी मेली हे त्यालाही या क्षणापर्यंत माहीत नव्हतं, हे ठिणगीबाईंना स्पष्ट दिसलं. त्याची त्यांना काडीचीही कीव आली नाही. कारण जे त्याला माहीत होतं ते याहून वाईट होतं.

"मी आप्पांच्यासाठीच लावला," तो म्हणाला. "परक्या बायका म्हाताऱ्यांना मारतात, उपाशी ठेवतात, रोज ऐकतो आपण. लक्ष ठेवायला नको?"

"ठेव ना लक्ष! तेच विचारतेय मी. परवा रात्री तू लक्ष ठेवलंस. फोनची घंटा वाजली, तू उठलास, नर्सबाईचं नाव बघितलंस. उचललास नाहीस. कॅमेरा उघडलास. तुला दिसलं की बाई चकती काढतेय, फुंकतेय. मला सकाळी तूच सांगितलंस ते, अगदी हावभाव करून. दार बडवताना दिसली असेल. स्वतःचा कोट काढताना दिसली असेल. पुढे?"

"मला वाटलं नाटक करतेय," धाकटा म्हणाला. आवाज इतका बारीक होता की संस्थेच्या माणसाला पुढे वाकावं लागलं. "रोजचीच तिची कटकट. म्हटलं, सकाळी बघू. फोन बंद केला."

"आणि झोपलास?"

धाकटा खिडकीचा पडदा चाचपत राहिला.

"झोपलास!" ठिणगीबाईंचा आवाज फुटला. आजवर कितीतरी जळक्या घरांत त्या शांत उभ्या राहिल्या होत्या, आत्ता मात्र ते जमेना. "बाप डोळ्यांसमोर गोठतोय आणि तू कूस बदललीस. सकाळी हीटरवाल्याने सांगितलं, कोणी बंद केलेलं नाही. तरी तक्रार लिहायला बसलास. तिचं निर्दोषपण तुझ्या खिशात होतं रे, चित्रासकट, आवाजासकट! आणि तू तिला जन्मभर कामावरून उठवायला निघालास. कारण तिच्या नावाची बोंब झाली की तू त्या रात्री काय करत होतास हे कोणी विचारणार नाही."

"ताई, मी घाबरलो होतो."

"आप्पाही घाबरले असतील."

भावजय इतका वेळ घड्याळाकडेच बघत होती. "हे दिवसाही चालतं?"

धाकट्याने मान वळवली.

"मी विचारतेय, दिवसाही चालतं? दुपारची मी बसायचे इथे. आप्पांशी बोलायचे. तुमच्याबद्दल बोलायचे. रडायचे." ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. "ऐकत होतात?"

"तसं काही मुद्दाम नाही..."

"फोन द्या."

"अगं..."

"फोन द्या म्हणते ना!"

इतक्या वर्षांच्या संसारात तिने असा हात कधी पुढे केला नसावा. त्याने दिला. फोन उघडण्याचा आकडाही त्याने तिला निमूटपणे सांगितला. ती रिकाम्या पलंगावर बसली, बोटाने चाळत गेली आणि एका ठिकाणी थांबली. फोनमधून दारावर बसणाऱ्या लाथांचा आवाज आला, आणि नर्सबाईची हाक, "अहो, कोणी आहे का? आप्पा गार पडतायत, उघडा!" भावजयीने स्वतःचं तोंड दाबून धरलं. ती हाक तिच्या जिन्याखालूनच आली होती आणि तिला ती आत्ता ऐकू येत होती.

संस्थेच्या माणसाने टेबलावरचा तक्रारीचा कागद उचलून नर्सबाईच्या हातात दिला. तिने तो चार तुकडे करून टेबलावर ठेवला.

"बाई, आमची चूक झाली," ठिणगीबाई म्हणाल्या. "मी या घराची म्हणून तुमची माफी..."

"माफी नको मला," नर्सबाईने मध्येच तोडलं. "माफी चार भिंतींच्या आत मागाल आणि मोकळे व्हाल. तुमच्या भावाने तुमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर माझा फोटो टाकलाय. म्हाताऱ्याला गारठवून मारायला निघालेली बाई, असं लिहून. कालपासून अनोळखी माणसं मला फोन करून शिव्या घालतायत. माझ्या मुलीने तो फोटो बघितला. तिने मला विचारलं, आई, तू झोपली होतीस का गं? पोटची मुलगी विचारते." तिने कागदाचे तुकडे धाकट्याकडे सरकवले. "जिथे माझं नाव घातलंत तिथेच हे दाखवा. सगळंच्या सगळं."

"ते शक्य नाही," धाकटा घाईने म्हणाला. "घरातली गोष्ट आहे. ताई, तू सांग तिला. मी फोटो काढून टाकतो, गैरसमज झाला म्हणून लिहितो. पोलिसांतही जात नाही."

"पोलिसांत मी जाणार आहे," ठिणगीबाई म्हणाल्या. "तुला घेऊन."

"सख्ख्या भावाला?"

"चल, कोट घाल. बाहेर गारठा आहे."

तो हलला नाही. तो बायकोकडे बघत होता. भावजय पलंगावर मान खाली घालून फोनमध्ये काहीतरी करत होती. अंगठा दोनदा हलला, मग थांबला.

आधी जावईबापूंचा खिसा वाजला. मग ठिणगीबाईंच्या पर्समधून आवाज आला. मग भावजयीच्या हातातला तो फोन थरथरायला लागला, आणि पुन्हा थरथरला, आणि थांबेचना.

"कोणाला पाठवलंस?" धाकट्याने विचारलं.

"सगळ्यांना," ती म्हणाली, आणि फोन त्याच्या हातात परत दिला.